खडबडीत पृष्ठभाग आणि सूक्ष्म कणांचे आसंजन
सूक्ष्म कोरडे कण पृष्ठभागाला धरून राहतात ते मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलांमुळे, म्हणजे रेणूंमधील अशा क्षीण आकर्षणामुळे, जे काही नॅनोमीटर अंतरावरच जवळजवळ संपते. म्हणून गुळगुळीत भासणाऱ्या पृष्ठावरील अतिसूक्ष्म उंचवटेही कणाला अधांतरी उचलून धरतात आणि आसंजन, म्हणजे दोन पृष्ठांचे परस्परांना चिकटून राहणे, कित्येक पटींनी घटवतात. फुलर आणि टेबर यांनी १९७५ मध्ये रबराच्या गोलांवर हा परिणाम मोजून दाखवला. मात्र खडबडीतपणा वाढला की आसंजन घटतेच, हा समज अपुरा आहे. कारण खळगे कणाच्याच आकाराचे असतील, तर कण त्यांत रुतून अनेक बाजूंनी पृष्ठाला भिडतो. आसंजनाचे हे गणित औषधांतही महत्त्वाचे ठरते: कोरड्या भुकटीच्या अनेक इन्हेलरमध्ये औषधाचे कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर बसवलेले असतात आणि ते श्वासाबरोबर सुटले, तरच फुप्फुसांत खोलवर पोचतात.