एक नमुना, १३९ वर्षे

हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठल्याही झाडोऱ्याच्या कुंपणाजवळ किंवा घाणेरीच्या जाळीपाशी थोडा वेळ थांबलात, तर आतून ‘चक्... चक्’ असा आवाज येत राहतो. आवाज करणारा पक्षी सहसा दिसत नाही. दिसलाच तर तपकिरी पाठ, मळकट पांढरे पोट आणि डोळ्यावर पुसटशी भुवई एवढेच नजरेला पडते. हा ब्लिथचा बोरू वटवट्या. त्याचे भाऊबंद दिसायला इतके सारखे की, दुर्बिणीतून खात्रीने ओळखायला भले भले कचरतात. म्हणूनच या कुळातली ओळख बहुतेक वेळा पक्षी हातात आल्यावरच पक्की होते.

पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या अभ्यासकांच्या शेजारी बसून मी हे काम पाहिले आहे. मिस्ट नेटमधून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीतून बाहेर येतो. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये अलगद धरतात, अंग तळव्यात विसावते. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. आधी पायात क्रमांकाची कडी, मग मिटलेल्या पंखाखाली पट्टी सरकवून माप. ते साधारण ६० ते ६५ मिलिमीटर भरते. त्यानंतर पंख हलकेच उलगडून बाहेरून एकेक उड्डाणपीस मोजायचे. पहिले पीस अगदी खुरटे. दुसऱ्याचे टोक आतल्या कितव्या पिसापर्यंत पोचते ते पाहायचे. तिसऱ्या आणि चौथ्या पिसाची बाहेरची कडा टोकाकडे एकदम निमुळती झालेली असते. ती नखाने चाचपून बघायची. मग चोचीची लांबी, पायाची नळी, मागच्या बोटाचे नख. एक जण आकडे सांगतो, दुसरा लिहून घेतो. तारीख, वेळ आणि जागा नोंदली की मूठ उघडते आणि पक्षी झुडपात शिरतो. सगळे काही मिनिटांत उरकते, कारण पक्ष्याला ताण होऊ द्यायचा नसतो.

ही किचकट मापे कशासाठी, याचे उत्तर याच कुळातल्या एका पक्ष्याने दिले आहे.

१८६७ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी सतलज खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या रामपूरजवळ, एक वटवट्या टिपला. मुंबईत १८८५ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेच हे ह्यूम. या पक्ष्याची चोच नेहमीपेक्षा लांब होती. एवढ्या एका नमुन्यावरून ह्यूम यांनी १८६९ मध्ये नवी जात जाहीर केली आणि तिला पर्णवटवट्यांमध्ये घालून ‘फायलोप्न्यूस्टे मॅक्रोरिंका’ असे नाव दिले. पुढे १८७१ मध्ये त्यांनीच तिला बोरू वटवट्यांच्या ‘ॲक्रोसेफॅलस’ या प्रजातीत हलवले.

पण तिथे ते नाव आधीच अडकलेले होते. १८५३ मध्ये इजिप्तमधल्या एका बोरू वटवट्याला तेच जातिनाम दिले गेले होते. एकाच प्रजातीत दोन जातींना एक नाव चालत नाही. आधीचे टिकते, नंतरचे बदलावे लागते. १९०५ मध्ये हॅरी ओबरहोल्सर यांनी ही अडचण दाखवून दिली आणि ‘ॲक्रोसेफॅलस ओरायनस’ हे नाव सुचवले. तेच आज चालते.

नाव सुटले, पण पक्षी मुळात वेगळा आहे का, हा प्रश्न उरलाच. दुसरा नमुना माहीत नव्हता. हा दुसऱ्याच एका बोरू वटवट्याचा विचित्र निघालेला पक्षी असावा, असेही मत मांडले गेले. एका कातड्यावरून वाद मिटणार कसा? मात्र ते कातडे चिठ्ठीसह ब्रिटिश संग्रहात नीट राहिले होते. २००२ मध्ये स्टाफान बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन यांनी त्यातून डीएनए मिळवला आणि ही स्वतंत्र जात असल्याचे दाखवून दिले. ह्यूम यांनी वेगळेपण अचूक हेरले होते.

पुढची घटना मार्च २००६ मधली. थायलंडमध्ये लाएम फाक बिया इथल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांपाशी फिलिप राउंड पक्ष्यांना कडी घालत होते. जाळ्यातल्या एका वटवट्याची चोच लांब आणि पंख आखूड वाटले. त्यांनी मापे आणि छायाचित्रे घेतली, डीएनए तपासण्यासाठी पिसे घेतली आणि पक्षी सोडून दिला. तपासणीत तो ओरायनस ठरला, पहिल्या नमुन्यानंतर १३९ वर्षांनी. मग इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात शोध सुरू झाला, तेव्हा ब्लिथच्या वटवट्यांच्या खणात आणखी एक ओरायनस सापडला. तो १८६९ साली भारतातच गोळा केलेला होता. पाठोपाठ इतर संग्रहांमधूनही नमुने पुढे आले. हे पक्षी मध्य आशियात वीण करत असावेत, असा अंदाज चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि गावे जुळवून बांधता आला. आणि खरोखरच, अफगाणिस्तानच्या वाखान भागात नदीकाठच्या झुडपांत गाणाऱ्या वटवट्यांची ध्वनिमुद्रणे २००८ मध्ये मिळाली. दुसऱ्या वर्षी ते पक्षी पकडून, पिसे तपासून खात्री झाली.

नामकरण म्हटले की नाव कुणी दिले, कुणाच्या सन्मानार्थ दिले, याचीच चर्चा होते. मला महत्त्वाचे वाटते ते नावामागे जपलेले साहित्य. नाव हा एक दावा असतो. तो पुढच्या पिढीला तपासता आला तरच त्याला अर्थ. ह्यूम यांनी नमुना ठेवला नसता, चिठ्ठीवर जागा लिहिली नसती, तर २००२ मध्ये तपासायला काही उरले नसते आणि २००६ च्या पिसांना जोडीला काही मिळाले नसते. ट्रिंगच्या खणातला पक्षी तर चुकीच्या नावाखाली होता. तरीही चिठ्ठी शाबूत होती, म्हणून त्याला योग्य जागी नेता आले. चुकीचे नाव दुरुस्त होते, हरवलेली नोंद परत मिळत नाही.

आज पक्षी न मारता पिसे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे ठेवता येतात, आणि हे काम हौशी पक्षिनिरीक्षकही करू शकतात. झुडपातल्या ‘चक्’चे ध्वनिमुद्रण करताना तारीख आणि जागा अचूक लिहावी, ओळख पटली नसेल तर तसेच नमूद करावे. घाईने लिहिलेल्या नावापेक्षा अशी प्रामाणिक नोंद पुढच्या अभ्यासकाच्या जास्त उपयोगी पडते.