महाबळेश्वरला ऑक्सिजन जास्त असतो म्हणे

दिवाळी सरली की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी सांगतंच, 'बाबांना आठवडाभर महाबळेश्वरला नेतोय.' का, तर बाबांना दोन जिने चढले की धाप लागते आणि 'तिकडे झाडी आहे ना, ऑक्सिजन भरपूर!' करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली नुसतं 'तिकडे झाडी' एवढं कानावर पडलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते.

तर, तिकडे ऑक्सिजन कमी मिळतो.

हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २१ टक्के. दादरच्या फलाटावर तेवढाच, वेण्णा तलावाकाठी तेवढाच, लेहलाही तेवढाच. बदलतो तो हवेचा दाब. वर जावं तशी हवा विरळ होते आणि तेवढ्याच श्वासात ती कमी भरते. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर. तिथे मुंबईच्या मानाने श्वासागणिक ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास कमी मिळतो. साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहला ३५ टक्के कमी. पटत नसेल तर वाईत वेफर्सचं पाकीट घ्या आणि न फोडता पसरणी घाट चढा. पाचगणी येईतो ते उशीसारखं टम्म होतं. आत हवा कुणी भरलेली नसते, बाहेरचा दाब घटलेला असतो. तुमच्या कानांना दडे बसतात तेही त्यामुळेच.

आणि झाडं? ती ऑक्सिजन देतात हे शाळेतलं वाक्य खरंच आहे. पण झाडंही श्वसन करतात, कुजणारा पालापाचोळा ऑक्सिजन खातो आणि उरलेलं वारा सगळीकडे वाटून टाकतो. जंगलावर ऑक्सिजनचा ढग तरंगत नसतो.

'मग तिथे गेल्यावर बरं कसं वाटतं?' हा ठरलेला प्रश्न. वाटतंच की! धूर नाही, घामाची चिकचिक नाही, रात्री गाढ झोप, सकाळी पायी पॉइंटपर्यंत आणि ऑफिसचा फोन लागत नाही. धडधाकट माणसाला त्या १५ टक्क्यांनी काही होत नाही. विमानाच्या केबिनमधली हवा सहसा याहूनही विरळ असते. पण ज्यांचं हृदय किंवा फुप्फुसं आधीच कशीबशी रेटताहेत त्यांचं गणित वेगळं. त्यात थंडीतली पहाटेची हवा दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते. बाबांना आधी डॉक्टरकडे न्या, बुकिंग नंतर करा.

डोंगराच्या हवेने बरं वाटतं हा समज काही कालचा नाही. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डोंगरावरची हवा हाच इलाज होता. पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ सालचं. पुढे औषधं आली आणि १९५६ पासून मद्रासमध्ये सॅनेटोरियमच्या उपचाराची परीक्षाच झाली. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही शहरातल्या आपापल्या दाटीवाटीच्या घरीच. औषधं दोन्हीकडे तीच. निकाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आला: घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. सॅनेटोरियमची हवा, चांगलंचुंगलं खाणं, विश्रांती यांनी फारसा फरक पडला नव्हता. हा अभ्यास जगभर गाजला. आपल्याकडे हवेची कीर्ती तशीच राहिली.

बाकीचे समज थोडक्यात. लडाखला जाताना रुमालात बांधलेला कापूर ऑक्सिजन देत नाही. नाकाला गार लागतं, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, इतकंच. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात आखडलेले सांधे तेवढ्यापुरते सैलावतात, खरूज मात्र जात नाही. आणि मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका बसलेलाही कळत नाही. तीन दिवसांच्या 'डिटॉक्स' पॅकेजचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकट करतात. राहिलं केदारनाथ. 'हेलिकॉप्टरने नेतोय, आजींना काहीच त्रास नाही' असं म्हणतात. गुडघ्यांना नाही हे खरं. पण पायी चढणाऱ्याच्या शरीराला विरळ हवेशी जमवून घ्यायला थोडा तरी वेळ मिळतो. आजी मात्र काही मिनिटांत पावणेबारा हजार फुटांवर उतरलेल्या असतात.