गाडीची चावी : थोडी दक्षता, मोठी बचत

टेम्पोने माल पोहोचविणारे, आठवडी बाजार करणारे आणि भाड्याची मोटार चालविणारे आपले अनेक बांधव आहेत. गाडीची चावी हरवली की त्यांची त्या दिवसाची रोजी बुडते आणि घाईत मागेल ती रक्कम मोजली जाते. म्हणून चावी काम कशी करते व खर्च कोठे वाचतो, हे आधीच समजून घेतलेले बरे.

पूर्वी चावी म्हणजे दाते कापलेली पट्टी. कानशीने घासून फुटपाथवरचा कारागीरही ती बनवून देत असे. पुढे चोरीला आळा घालण्यासाठी इमोबिलायझर आला. युरोपात १९९८ च्या सुमारास नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नंतर आपल्याकडील मोटारींतही तो सर्रास दिसू लागला. या चावीच्या मुठीत बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती बसविलेल्या तारेच्या वेटोळ्यातून लहरी मिळाल्या की ती आपला संकेत देते. गाडीच्या संगणकाने तो ओळखला तरच इंजिन चालते. त्यामुळे दाते अचूक, पण चिप नाही, अशी चावी दार उघडील. गाडी मात्र चालविणार नाही.

आता खर्चाचा हिशेब पाहू.

१) रिमोटचे बटण चालेनासे झाले, तर प्रथम बटण-सेल बदलावा. नवी चावी घेण्याचे कारण नाही.

२) कव्हर फुटले, तर केवळ कव्हर घ्यावे व जुनी पट्टी, सर्किट आणि चिप त्यात बसवून घ्यावी. काही चाव्यांत चिप कव्हरच्या कोपऱ्यात वेगळी चिकटविलेली असते. ती काढल्याशिवाय जुने कव्हर फेकू नये.

३) एक चावी शिल्लक असेल, तर दुसरी आजच बनवावी. चालू चावीवरून अनेक चिपांची नक्कल करता येते. नाहीतर यंत्र जोडून नवी चावी गाडीत नोंदवितात. रिमोट नसलेली, नुसत्या चिपची चावी आणखी स्वस्त पडते.

४) सर्व चाव्या हरवल्या, तर खर्च सर्वांत जास्त. कुलपावरून दाते काढावे लागतात, गाडीचा गुप्त क्रमांक मिळवावा लागतो, कधी संगणकही खोलावा लागतो. गाडीबरोबर चावीच्या क्रमांकाची पट्टी मिळाली असेल, तर ती घरी जपून ठेवावी.

काम देण्यापूर्वी कंपनीच्या केंद्राचा व ओळखीच्या कारागिराचा दर विचारावा. त्यात चावी, कटिंग व प्रोग्रामिंग हे सर्व धरले आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे. जाताना घरातील सर्व चाव्या न्याव्यात. काही गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या नोंदी पुसल्या जातात. हरवलेल्या चावीची नोंद मात्र आठवणीने पुसून घ्यावी. चावी हरवल्याची पोलिसांत नोंद करावी. पुढे गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी सर्व चाव्या मागते. तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. काही विमा पॉलिसींत जादा हप्ता भरून चावीचा खर्चही मिळतो.

चावीच्या धंद्यातील होतकरू तरुणांनी हे नवे काम अवश्य शिकावे. सुरुवातीस एखाद्या जाणत्या कारागिराकडे राहून, आपल्या भागात अधिक चालणाऱ्या दोन-चार गाड्यांचे काम हातात बसवावे व मगच यंत्रात पैसे गुंतवावेत. चावी ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. आर.सी. बुक आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय चावी बनवू नये. नाव, गाडीचा क्रमांक व तारीख वहीत लिहून सही घ्यावी. चोरीच्या गाडीला चावी बनविली गेली, तर कारागीरही चौकशीत अडकू शकतो. तेव्हा ही वहीच त्याच्या बाजूने बोलेल, आणि इन्शाअल्लाह गिऱ्हाइकांचा विश्वासही वाढेल.