शाखा निवडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की आमच्या खर्डीत पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरतो, "पुढे काय?" त्याचे उत्तर बहुधा मामा, शेजारी किंवा बरोबरच्या मैत्रिणी देऊन टाकतात. ऐंशी टक्के पडले तर सायन्स, साठ पडले तर कॉमर्स आणि त्याखाली आर्ट्स, असा अलिखित कायदाच होऊन बसला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आसपासची मुले गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच येथे थोडे व्यवस्थित मांडावयाचे आहे.

प्रथम गुणपत्रिका नीट वाचावी. राज्य मंडळाच्या दहावीची टक्केवारी सहांपैकी जास्त गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते. समजा, एखाद्याला मराठीत ८२, हिंदीत ८०, इंग्रजीत ६८, विज्ञानात ६६, समाजशास्त्रात ८४ आणि गणितात ४१ गुण आहेत. त्याचे ७६ टक्के होतात, पण त्यात गणित धरलेलेच नाही! शिवाय त्या ४१ मध्ये अंतर्गत गुण १८ असतील, तर लेखी परीक्षेत ८० पैकी २३च मिळाले. असा मुलगा केवळ टक्क्यांच्या भरवशावर अकरावी सायन्सला गणित घेतो आणि सहामाहीतच गडबडतो. म्हणून एकूण टक्के बाजूला ठेवून एकेका विषयाचे लेखी गुण पाहावेत.

दुसरी गोष्ट दारांची. सायन्समधून बारावी झालेल्याला पुढे बी.ए.ला येता येते, पण आर्ट्समधून बी.एस्सी.ला जाता येत नाही. सायन्समध्येही गणित सोडले की इंजिनिअरिंगचे दार बंद होते आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचे. ज्याला दोन्ही झेपतात, पण मनाचा निश्चय झालेला नाही, त्याने दोन्ही ठेवावेत. मात्र दार उघडे राहावे एवढ्यासाठी न झेपणारा विषय घेऊन नापास होण्यात शहाणपण नाही.

आणि आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा, हा समज तर सोडूनच द्यावा. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डी.एड., सी.ए.ची पहिली परीक्षा यांना बारावीची कोणतीही शाखा चालते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तर इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था व अर्थशास्त्र हे आपलेच विषय असतात. ज्याचा हात यंत्रावर बसतो त्याला दहावीनंतर आय.टी.आय. आहे, तीन वर्षांची पदविका आहे, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळतो.

तिसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत 'बल' आणि 'त्वरण' शिकलेल्या मुलापुढे अकरावीत अचानक 'फोर्स' आणि 'ॲक्सिलरेशन' येतात. हुशार मुलेही येथे गांगरतात व आपल्याला विषयच जमत नाही असे समजून बसतात. परीक्षा आणि निकाल यांमधल्या दोन महिन्यांत विज्ञानाचे इंग्रजी माध्यमाचे दहावीचे पुस्तक मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाचले, तर ही भीती बरीच कमी होते. बालभारतीची पुस्तके मोबाईलवरही फुकट मिळतात.

आमच्या आळीतील एका मुलीला नर्स व्हायचे होते. घरच्यांनी आर्ट्स ठरवले होते, कारण "नर्सिंगला काय, काहीही चालते." हे अर्धेच खरे आहे. तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला बारावीची कोणतीही शाखा चालते, बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. तिचे विज्ञानाचे लेखी गुण चांगले होते. वडिलांचा खरा आक्षेप निघाला तो अंधार पडल्यावर परत येण्याला. मग आम्ही कागदावर गाड्यांच्या वेळा लिहिल्या, आसनगावहून शहापूरला जाण्याचा खर्च लिहिला आणि बरोबर जाणारी आणखी एक मुलगी शोधली. वडील तयार झाले. त्या घरात विषयांपेक्षा गाडीचेच वेळापत्रक महत्त्वाचे ठरले! मुरबाडकडच्या मुलांना तर रेल्वे नाही, त्यांनी एस.टी.च्या फेऱ्या आधी पाहाव्यात.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. तो भरण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात, प्रयोगशाळा चालते का, याची चौकशी करावी. कॅफेवाल्याने भरून दिलेला क्रम हा आपला क्रम नव्हे.

शेवटी प्राध्यापकांना एक विनंती. आमच्यासारख्या घरांत हे सांगणारे कोणी नसते आणि वर्ष वाया गेले तर मुलीचे शिक्षणच थांबते. मे महिन्यात आपण विद्यार्थी व प्राध्यापक मिळून गावोगावच्या शाळांत एकेक दिवस बसलो, तर कितीतरी मुले आपल्या पायांनी आपल्या वाटेला लागतील.