उदासीन स्पिरिट

किण्वित द्रवाचे पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून मिळविलेले, मूळ कच्च्या मालाचा वास व चव जवळजवळ न उरलेले एथिल अल्कोहॉल. येथे ‘उदासीन’ या संज्ञेचा अम्ल व क्षारक यांच्याशी संबंध नाही; स्पिरिट उसाच्या मळीपासून केले की मक्यापासून, हे चाखून ओळखता येऊ नये एवढाच तिचा अर्थ. त्यात घनफळाने अमेरिकेत किमान ९५%, तर यूरोपीय संघात किमान ९६% अल्कोहॉल असावे लागते.

साध्या भांड्यातील ऊर्ध्वपातनात अल्कोहॉलाबरोबर ॲल्डिहाइडे, एस्टरे व फ्यूजेल तेल (उच्च अल्कोहॉलांचे मिश्रण) हीही येतात. गोव्यातील काजूच्या फेणीचा दर्प अशाच घटकांमुळे असतो. तो घालविल्यास ती फेणीच उरणार नाही. उदासीन स्पिरिटासाठी मात्र उंच स्तंभ वापरतात. ईनिअस कॉफी या आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकाऱ्याने १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभाचे एकस्व घेतले. स्तंभातील प्रत्येक तबकडीवर बाष्प अंशतः द्रवरूप होते व पुन्हा उकळते, त्यामुळे वर जाताना अल्कोहॉलाचे प्रमाण वाढत जाते. आधुनिक कारखान्यांत एका स्तंभात स्पिरिटात मुद्दाम भरपूर पाणी मिसळतात. ही कृती वरकरणी उलटी वाटते. परंतु विरल द्रावणात फ्यूजेल तेलाचे घटक एथिल अल्कोहॉलापेक्षा अधिक बाष्पनशील होतात व वरून काढून टाकता येतात. केवळ साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५·६% च्या पुढे जाता येत नाही, कारण त्या प्रमाणात अल्कोहॉल व पाणी ७८·२° से. ला एकत्रच उकळतात.

हे स्पिरिट पाण्याने विरल केले की व्होडका होते. ज्युनिपरच्या फळांसह ऊर्ध्वपातित केले की जिन. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मद्यांचा पाया मळीचे स्पिरिट हाच असतो. यूरोपीय संघात मात्र धान्यापासून न केलेल्या मद्यास ते नाव लावता येत नाही.

चव नसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. औद्योगिक मिथेनॉल हेही रंगहीन असून वासाने वा चवीने ते निश्चित ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्ल बनून अंधत्व व मृत्यू ओढवतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल ६४·७° से. ला उकळत असले, तरी अल्कोहॉल व पाणी यांच्या मिश्रणातून ते साध्या भट्टीत पूर्णपणे वेगळे होत नाही.