नितळ पाण्यांतील सोमल

पाणी नितळ, थंड व चवीस गोड असलें म्हणजे तें निर्दोष, अशी आपणां शेतकऱ्यांची पिढीजात समजूत आहे. ती किती घातक ठरूं शकते, हें गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाशीं वसलेल्या बंगालच्या गाळाच्या प्रदेशांत जें घडलें त्यावरून कळून येतें. सबब ती हकीगत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या प्रदेशांत पूर्वीं लोक तळ्यांचें व नद्यांचें पाणी पीत. त्यामुळें पटकी व हगवण यांनीं मुलें फार दगावत. म्हणून १९७० नंतर बांगलादेशांत सरकार व युनिसेफ यांच्या खटपटीनें हातपंपाच्या कूपनलिका घालण्याचा सपाटा सुरू झाला. हेतु स्तुत्य होता. परंतु त्या पाण्यांत आर्सेनिक, म्हणजे सोमलाचें मूळद्रव्य, आहे कीं काय हें तेव्हां कोणीं पाहिलें नाहीं. पश्चिम बंगालमध्यें १९८३ सालीं कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनीं हा रोग ओळखला. बांगलादेशांत १९९३ सालीं चापाई नवाबगंज येथें तें विष विहिरींत सांपडलें. पुढें १९९८-९९ सालीं त्या देशांत ३,५३४ विहिरींची पाहणी झाली. तींत १५० मीटरांहून उथळ विहिरींपैकीं शेंकडा २७ विहिरींचें पाणी दर लिटरास ५० मायक्रोग्रॅम या तेथील मर्यादेबाहेर गेलेलें आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर अवघी १० आहे.

हें विष कोणा कारखानदारानें ओतलेलें नव्हे. हिमालयांतून वाहत येणाऱ्या गाळांतील लोहाच्या गंजास तें चिकटून येतें. गाळाबरोबर पालापाचोळाहि पुरला जातो. तो कुजतांना तेथील प्राणवायु संपतो. मग सूक्ष्म जंतु त्या गंजाचें विघटन करितात व आर्सेनिक सुटून पाण्यांत उतरतें. खोलवरच्या जुन्या गाळांतील पाणी बहुधा चांगलें निघतें. एका घरची विहीर विषारी व शेजारची निर्दोष, असेंहि पुष्कळदां घडतें.

या विषास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. कित्येक वर्षांनीं छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उठतात, तळहात व तळपाय यांवर कठीण गांठी येतात, आणि पुढें त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचे कर्करोग संभवतात.

शेतीचाहि यांत संबंध आहे. तेथील उन्हाळी ‘बोरो’ भात अशाच उथळ विहिरींवर पिकतो. सतत पाणी तुंबलेल्या खाचरांत आर्सेनिक मोकळें होतें व भाताचें रोप तें सहज शोषून घेतें; कोंड्यांत त्याचें प्रमाण अधिक राहतें. खाचर आळीपाळीनें भिजवणें व सुकूं देणें, आणि भात पुष्कळ शुद्ध पाण्यांत शिजवून पेज ओतून टाकणें, या उपायांनीं प्रमाण घटतें. बांगलादेशांत २००० सालानंतर सुमारें पन्नास लक्ष विहिरी तपासून विषारी पंपांस तांबडा व निर्दोष पंपांस हिरवा रंग देण्यांत आला. पुष्कळ कुटुंबें त्यावरून शेजाऱ्याच्या हिरव्या पंपाकडे वळलीं. साधा उपाय, पण त्यानें प्राण वांचतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्यामुळें हें गाळाचें संकट येथें त्या स्वरूपांत नाहीं. तथापि चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक गांवीं कूपनलिकांच्या पाण्यांतील फ्लोराइडनें दांत व हाडें बिघडलेलीं आहेत. तेंहि पाणी दिसण्यांत स्वच्छच असतें. यास्तव शेतकरीबंधूंस आमची आग्रहाची सूचना आहे कीं, कूपनलिका घेण्यास जो हजारों रुपये खर्च करितो, त्यानें बाटलीभर पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत तपासून घेतल्यावांचून तें मुलांबाळांस पाजूं नये. जमिनीची प्रत आपण मातीवरून ओळखतों. पाण्याची प्रत मात्र डोळ्यांनीं ठरत नाहीं.