सॉरी म्हणायची सोय
पहिल्या नोकरीत मी एका फोटोखाली चुकीचं नाव टाकलं. लक्षात आलं तेव्हा पान छपाईला निघालं होतं. शेजारच्या सिनिअरला सांगावं? छे! गप्प बसले. दुसऱ्या दिवशी व्हायचा तो तमाशा झालाच. (आदल्याच आठवड्यात पिकनिकला आम्ही गळ्यात गळे घालून नाचलो होतो, बरं का!)

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा १९९६चा हॉस्पिटलमधल्या टीम्सवरचा अभ्यास वाचला आणि ते आठवलं. चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. कारण? तिथं लोक त्या लपवत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष.

हल्ली ज्यांच्यासाठी लिहिते, त्या संपादक मॅडम परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘हे माझ्याकडून राहिलं गं.’’ पाचच मिनिटांत मीही माझी एक चूक सांगून टाकली.